लवचीक कोणाला म्हणायचं, अक्का

अक्का, गेले तेरा दिवस मी एकच वाक्य ऐकते आहे. माणसं येतात, चपला काढतात, सतरंजीवर टेकतात, पाण्याचा घोट घेतात आणि म्हणतात, "किती लवचीक बाई होती हो. कधी कुणाला उलट बोलली नाही, सगळ्यांशी जुळवून घेतलं." पहिल्या दिवशी ते ऐकून मला रडू आलं. चौथ्या दिवशी राग यायला लागला. दहाव्याला तर मी एका बाईला विचारलंच, लवचीक म्हणजे काय हो? ती बिचारी गांगरली. म्हणाली, म्हणजे आपलं हेच, वाकवाल तशी वाकणारी. मी उठून आत गेले. नाहीतर तुमच्या दुखवट्यात भांडण झालं असतं आणि तुम्हाला ते आवडलं असतं.

हा शब्द आपल्या दोघींच्या मधला. मी लग्न होऊन जळगावात पिंप्राळ्याच्या घरात आले तेव्हापासून आपण त्याच्यावरून भांडत आलो, आणि भांडण मिटायच्या आत तुम्ही निघून गेलात. शेजारणीशी बोलता बोलता भिंतीला टेकलात आणि गेलात. निदान सुनेला एक हाक तरी मारायची. असो. तुम्हाला वाचता येत नव्हतं, सगळं मीच वाचून दाखवायचे. हेही मीच मोठ्यानं वाचते आहे असं समजा, आणि मध्ये बोलू नका.

सुरुवात माझ्या वडलांनी केली. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला कारकून माणूस, पत्र लिहायला बसले की ऑफिसचा मसुदा करायचे. माझं स्थळ सांगताना त्यांनी लिहिलं, 'मुलगी पदवीधर असून स्वभावाने लवचीक आहे.' मी स्वभावानं काय आहे हे भुसावळच्या अर्ध्या कॉलनीला माहीत होतं. पण वडलांना मुलगी खपवायची होती. ते पत्र तुम्ही ह्यांच्याकडून, तुमच्या सुरेशकडून, तीन वेळा वाचून घेतलंत, हे मला पुढे त्यांनीच सांगितलं. तुम्हाला त्या शब्दाची मौज वाटली होती. मी उंबरठा ओलांडून आत आले तेव्हा तुम्ही मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंत आणि माझ्या कानात म्हणालात, "तुना बापनी लिखं व्हतं तशी तू काही दिसत नही."

मग आखाजी आली, तुमच्याकडची अक्षय्य तृतीया. आमच्या कॉलनीत पुरणाची पोळी पोळपाटावर लाटायची आणि तव्यावर टाकायची, एवढंच मला ठाऊक. तुमच्याकडे चुलीवर मोठं मातीचं खापर पालथं घातलेलं, आणि तुम्ही पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत होतात. या हातावरून त्या हातावर, पंजावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत. बघता बघता गोळ्याचा टॉवेलएवढा मांडा झाला आणि अलगद खापरावर जाऊन बसला. कसला आवाजही झाला नाही. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी पदर खोचून स्वतः कणीक भिजवायला घेतली. माझं गणित सरळ होतं. जे पीठ ओढलं की येतं ते चांगलं, म्हणजे जितकं सैल तितकं बरं. घातलं आणखी पाणी. मळताना हाताला इतकं मऊ लागत होतं की मी स्वतःवर खूष झाले. गोळा हातावर घेतला, तो मनगटावर आला, कोपरावर आला आणि तिथून खाली लोंबायला लागला. थांबेचना. मी हात वर केला तर मधोमध फाटला, अर्धा खापरावर, अर्धा चुलीत. गूळ जळाल्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. तुम्ही पोट धरून हसलात. मग माझ्या परातीतल्या पिठात बोट खुपसलंत. बोट काढल्यावर खड्डा तसाच राहिला. तुमच्या पिठात खुपसलंत, तो खड्डा हळूहळू भरून आला. "हाई सैल शे," माझ्या पिठाकडे बोट करून तुम्ही म्हणालात, "लवचीक नही."

मी पदवीधर, तुम्ही निरक्षर, आणि वडलांच्या शब्दाचा अर्थ मला तुम्ही सांगत होतात. मला ते मुळीच पटलं नाही. मी वाद घातला की शब्दकोशात लवचीक म्हणजे सहज वाकणारं. तुम्ही म्हणालात की वाकणं तर सगळ्यांनाच जमतं, जुन्या खुरप्यालाही जमतं, पुढचं बघायचं असतं. पुढचं म्हणजे काय ते काही सांगितलं नाहीत. तुमची हीच खोड. अर्धं सांगायचं आणि भाजी चिरायला बसायचं.

चार वर्षं मी त्या घरात माझ्या परीनं वाकले. तुमचे जेठ, थोरले दीर, म्हणजे आपले आबा, घरातले कर्ते. सासरे मी येण्याआधीच गेलेले, त्यामुळे आबा बोलतील ती पूर्व दिशा. त्यांच्यासमोर तुम्ही डोक्यावरून पदर ओढून घ्यायचात आणि बोलायचा तर नाहीतच. जेठाशी थेट बोलायचं नाही, ही तुमच्याकडची रीत. काही सांगायचं असलं तर तिसऱ्याला सांगायचं आणि आबांनी ऐकायचं. मला सुरुवातीला हसू यायचं. नंतर मीही तशीच वागायला लागले आणि मला हसू यायचं बंद झालं.

माझी मुलगी छबी दोन वर्षांची झाली तेव्हा मी धुळ्याच्या बीएड कॉलेजात अर्ज केला. हे 'बघू' म्हणाले. दाल मिलमध्ये दिवसभर पट्ट्यांचा आवाज ऐकून त्यांना घरात आवाज नको असायचा. प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा नेमकी आखाजीची माणसं घरात जमलेली. जेवणं झाल्यावर आबांनी ते पत्र ओट्यावर सगळ्यांसमोर वाचलं, घडी घातली आणि शांतपणे म्हणाले, "वर्षभर धुळ्याला राहायचं म्हणते. हिच्या वडलांनी पत्रात लवचीक लिहिलं होतं. आता घरासाठी जरा लवचीक व्हायला काय हरकत आहे?" सगळ्यांनी माना हलवल्या. ह्यांनीही हलवली, ते मी बघितलं. मी दाराआड उभी होते. मला आठवतं, मी मनातल्या मनात अर्ज फाडून टाकलासुद्धा. शिक्षिका व्हायचं हे मी शाळेत असल्यापासून ठरवलेलं, आणि दोन मिनिटांत मी ते सोडून दिलं. माझ्यात बोट खुपसलं असतं ना अक्का, तर खड्डा तसाच राहिला असता.

आणि मग माझ्या शेजारून तुमचा आवाज आला. तुम्ही पदर सारखा केलात आणि दाराआडूनच, पण ओट्यावर सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं बोललात. "सुरेश, आबासले सांग. मी जासू तिनासंगे धुयाले. पोरले मी सांभायसू."

ह्यांनी सांगायची गरजच नव्हती. आबा तीन हातांवर बसले होते. तरी ते ह्यांना म्हणाले, विचार तुझ्या आईला, इथलं घर कोण बघणार? तुम्ही ह्यांना म्हणालात, सांग, घर काही पळून जात नाही, आणि तुला भाकरी टाकता येत नसेल तर शीक. असं पाच-सात वेळा झालं. हे मध्ये उभे, एकदा ओट्याकडे बघायचे, एकदा दाराकडे. शेवटी आबाच दमले. म्हणाले, जा म्हणावं, पण दिवाळीच्या आत परत याल. मी तुमच्याकडे बघत राहिले. उभ्या जन्मात जळगाव सोडून चार दिवस कुठे न राहिलेली बाई तुम्ही. मी विचारलं, अक्का, खरंच येणार? तर म्हणालात, उगीच रडू नको, पातेली काढ, कोणती न्यायची ते ठरवू.

एसटीत तुम्ही खापर मांडीवर घेऊन बसला होतात, गोधडीत गुंडाळून. छबी माझ्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं काय आहे, तर तुम्ही म्हणालात, घर. त्याला वाटलं म्हातारी चक्रम आहे.

धुळ्यातली ती दीड खोली आठवते? खिडकी गल्लीत उघडायची आणि शेजारच्या घरातली फोडणी आपल्या घरात यायची. पहिले आठ दिवस तुम्ही दारातून बाहेर पाऊल टाकलं नाहीत. नवव्या दिवशी छबीला कडेवर घेऊन एकट्या बाजारात गेलात आणि वांगी घेऊन आलात, चेहरा असा जसा काही किल्ला जिंकला. महिन्याभरात गल्लीतल्या बायका तुमच्याकडे मांडे शिकायला येऊ लागल्या. तुम्ही खुर्चीवर बसायला लागलात. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, आणि ते तुमच्या लक्षातही आलं नाही. केस इतके दाट आणि अजून अर्धे काळे, हे मला चार वर्षांत पहिल्यांदा कळलं. दिवाळी आली आणि गेली. आबांचं पत्र आलं, मी वाचून दाखवलं, तुम्ही म्हणालात, परत वाच. मग म्हणालात, अक्षर चांगलं शे. एवढंच.

माझं मात्र धड चाललं नव्हतं. आमच्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात अभ्यासक्रमाची तत्त्वं होती, त्यात एक लवचिकतेचं. मी ते घोकत बसलेले असताना तुम्ही कान टवकारलेत. हा शब्द इथेही आला का, म्हणून खूष झालात. पुस्तकात काय लिहिलंय ते तुम्हाला सांगितलं, की गरजेनुसार बदल करता आला पाहिजे. तुम्ही विचारलंत, आणि जे बदलायचं नाही ते कोणतं, ते लिहिलंय का? मी पान उलटून बघितलं. लिहिलेलं नव्हतं.

आणि मग तो माझा सरावाचा पाठ. सातवीचा वर्ग, कवितेचा तास. मी रात्रंदिवस खपून टाचण काढलेलं, कोणत्या मिनिटाला कोणता प्रश्न विचारायचा इथपर्यंत. मध्येच एका मुलीनं उठून विचारलं, बाई, हा कवी असं का म्हणतो? तो प्रश्न माझ्या टाचणात नव्हता. मी म्हटलं, खाली बस. तास संपल्यावर मागे बसलेल्या प्राध्यापकांनी शेरा लिहिला, 'पाठात लवचिकता नाही.' मी वही घेऊन रडत घरी आले. तुम्ही शेरा वाचून घेतलात आणि इतक्या हसलात की छबी घाबरून रडायला लागली. वडील लिहितात 'आहे', मास्तर लिहितो 'नाही', आता खरं कुणाचं समजायचं, म्हणालात. मी चिडून ताटावरून उठले. तुमच्यावर मी इतकी कधीच चिडले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही माझा वर्ग झालात. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की भिंतीला टेकून बसायचात, छबीला मांडीवर घ्यायचात आणि म्हणायचात, शिकव. मी शिकवायला लागले की तिसऱ्या वाक्याला तुमचं 'का?' यायचं. हे कशाला? त्यानं असं का केलं? त्याची आई कुठे होती? माझ्या नाकी नऊ आणलेत. मी टाचण मिटायला लागले, तुमच्या प्रश्नामागे जायला लागले, आणि फिरून मला सांगायचं होतं तिथे परत यायला शिकले. परत यायचं, हे तुम्ही सोडायचा नाहीत. मी भरकटले की म्हणायचात, आता घरी ये. शेवटच्या परीक्षेच्या पाठात एका पोरानं असाच आडवा प्रश्न विचारला. मी खडू खाली ठेवला, त्याला जवळ बोलावलं, आणि पंधरा मिनिटं सगळा वर्ग त्या प्रश्नावर बोलत होता. तास संपायच्या आत मी कवितेवर परत आले. तेच प्राध्यापक होते. त्यांनी या वेळी काही लिहिलं नाही, उठून फक्त 'छान' म्हणाले. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही उठून चुलीवर खापर चढवलंत. आपण तिघींनी एकदम बसून खाल्लं. धुळ्यात आपण रोजच एकदम बसायचो. आधी कोण, मग कोण, असं तिथे काही नव्हतंच. कोण आधी बसणार होतं?

निकाल लागला, पहिला वर्ग मिळाला. आणि आबांनी काय करावं? ज्या माणसानं अडवलं होतं तोच बाजारभर सांगत सुटला, आमची सून बीएड झाली. त्यांनी पिंप्राळ्याच्या घरी सगळ्या गोताला जेवायला बोलावलं. अंगणात पुरुषांची पंगत बसली. मी डोक्यावरून पदर घेऊन वरणाची बादली हातात धरून वाढत होते. माझ्या नावाचं जेवण, आणि मी चौथ्या पंगतीत जेवणार, तेही काही उरलं तर. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, हे सांगायला आज लाज वाटते. घरी आल्यावर चार दिवसांत मी पुन्हा पहिल्यासारखी झाले होते.

तुम्ही स्वयंपाकघरातून आलात. हातात स्वतःचं ताट. डोक्यावर पदर नव्हता. आबांच्या समोरच्या ओळीत दोन माणसांना सरकायला सांगितलंत आणि बसलात. तुम्ही सरळ आबांकडे बघितलंत आणि आयुष्यात पहिल्यांदा, मध्ये कोणाला न घालता, त्यांच्याशी बोललात.

"आबा, माले बी भूक लागनी शे. वाढाले सांगा."

आबांची मान खाली होती. मग मान वर न करता ते मला म्हणाले, "सूनबाई, अक्कांना वरण वाढ." त्यांनी तुम्हाला अक्का म्हटलेलंही मी पहिल्यांदाच ऐकलं. मी वाढलं. आणि तुम्ही तुमच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर दोनदा हात थोपटलात. माझ्यासाठी. त्यासाठीच तर तुम्ही बसला होतात. मी ते बघितलं, अक्का. मी बघितलं आणि तूप आणायचं निमित्त करून आत गेले.

हे आपण नंतर कधी बोललो नाही. तुम्ही त्या गर्दीत एकट्या जेवलात, पोटभर जेवलात, बट्टी दुसऱ्यांदा मागून घेतलीत. मी दाराआडून बघत होते. रात्री भांडी घासताना तुम्ही फक्त म्हणालात, "पीठ आजून मुरनं नही." मी न समजल्यासारखं केलं. मला सगळं समजलं होतं. त्या दिवसानंतर तुम्ही कधी मागच्या पंगतीला बसला नाहीत, आणि मी कधी पुढच्या पंगतीला बसले नाही. चौदा वर्षं शाळेत शिकवते आहे, मुलींना काय काय सांगते, वर्गात आडव्या प्रश्नाला डगमगत नाही. घरातल्या पंगतीत मात्र माझ्या हातात बादलीच राहिली. तुम्ही दर वेळी बघायचात, काही म्हणायचा नाहीत. एकदा बोलला असतात तर मी भांडले तरी असते.

म्हणून या तेरा दिवसांत मला राग येत होता. लोक म्हणतात, अक्का वाकल्या. अहो, वाकल्या ना. तीस वर्षं वाकल्या, डोळ्यांपर्यंत पदर, तोंडातून अवाक्षर नाही. आणि एक दिवस धुळ्याला गेल्या आणि होत्या तशा सरळ होऊन परत आल्या. त्या सगळ्या वर्षांनी तुमच्यातलं काहीही मोडलेलं नव्हतं. त्याला लवचीक म्हणायचं. वादात तुम्ही जिंकलात. मी हरले हे मी मान्य करावं म्हणून तुम्हाला मरावं लागलं, एवढं मात्र वाईट झालं.

आज तुमचं तेरावं. मांडव घातला, गोत आलं. वरण, बट्टी, वांग्याची भाजी, शिरा. पहिली पंगत पुरुषांची बसली. आबा आता ऐंशीच्या पुढे गेलेत, नीट दिसत नाही, त्यांना धरून बसवलं. माझी छबी वरणाची बादली उचलायला गेली. बारावीची पोर, माझ्यासारखा पदर नाही, पण ओढणी सावरत. मी तिच्या हातातून बादली काढून घेतली आणि तिच्या बापाच्या हातात दिली. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि निमूटपणे घेतली. मग मी छबीला म्हटलं, ताट घे, चल. आम्ही दोघी आबांच्या शेजारी जाऊन बसलो. कुणीतरी मागून म्हणालं, "मॅडम, आधी पुरुषांचं होऊ द्या ना." आबांनी चाचपडत विचारलं, कोण बसलं इथे? मी म्हटलं, "मी आहे आबा. तुमची सून. भूक लागलीय."

आबा सरकले, आमच्या ताटांना जागा होईल इतके, आणि वाढणाऱ्याला म्हणाले, "हिला आधी वाढ."

मी पोटभर जेवले, अक्का.